दोन किलो ‘नकली’ अंबर: एका पत्र्याच्या डब्याचे प्रकरण

हे प्रकरण ज्या घरातले आहे, त्यांना विचारून लिहितो आहे. नावे बदलली आहेत, गाव आणि खाण ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. आजोबांना इथे आबा म्हणू, नातवाला निखिल. अंबर म्हणजे झाडाची राळ, जमिनीखाली कोट्यवधी वर्षे राहून दगडासारखी घट्ट झालेली, कधीकधी आत अडकलेल्या किड्यासकट. यात एक चूक माझीही आहे, ती योग्य जागी येईल.

पार्श्वभूमी

आबा नंदुरबार जिल्ह्यातले. तिकडून पुण्या-मुंबईपेक्षा सुरत जवळ, म्हणून कामासाठी माणसे सरळ गुजरातेत उतरतात. आबा डिझेल मेकॅनिक. दक्षिण गुजरातेतल्या एका लिग्नाइट खाणीवर ठेकेदाराची पोकलेन आणि डंपर चालते ठेवण्याचे काम त्यांनी सात-आठ वर्षे केले.

लिग्नाइट म्हणजे कच्चा, तपकिरी कोळसा. तो फोडताना मधूनच पिवळट-तपकिरी खडे निघायचे. बहुतेक खडीसाखरेएवढे, काही सुपारीएवढे, क्वचित एखादा लिंबाएवढा. खाणीवर सगळे त्याला ‘गुंदर’ म्हणत, म्हणजे डिंक. त्याचा उपयोग एकच होता: संध्याकाळी घमेल्यात निखारे करायचे, त्यावर मूठभर खडे टाकायचे, धूर झाला की डास कमी. वासही धुपासारखा, बरा.

आबांनीही जाळले. पण एकदा खडा शर्टाच्या बाहीवर पुसताना त्याला बिडीच्या बंडलाचा कागदाचा कपटा चिकटून वर आला, तेव्हापासून त्यांनी थोडे थोडे बाजूला ठेवायला सुरुवात केली. घासल्यावर कस्पटे ओढणारा म्हणून संस्कृतात अंबराला तृणमणी म्हणतात, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना गंमत वाटली, एवढेच. गुजराती वर्तमानपत्राच्या कागदात पुड्या बांधून त्यांनी त्या बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. गावी परतल्यावर डबा माळ्यावर गेला. वर पत्रे, खाली नंदुरबारचा उन्हाळा. असा तो पंधरा-सोळा वर्षे होता.

दरम्यान २०१० मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत एक लेख आला. बॉन विद्यापीठाचे येस रुस्ट, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे हुकम सिंह, न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचे डेव्हिड ग्रिमाल्डी आणि त्यांचे सहकारी. सुरतेच्या ईशान्येला असलेल्या वस्तान लिग्नाइट खाणीतून सुमारे १५० किलो अंबर गोळा करून त्यात ७००हून अधिक कीटक, कोळी वगैरे संधिपाद प्राणी त्यांनी शोधले होते: १४ गण, ५५ कुळे. वय ५ ते ५.२ कोटी वर्षे. भारताचा तुकडा आशियाला भिडत होता तो हा काळ. इतकी वर्षे समुद्रात एकटाच सरकत आलेल्या भूभागावर जगावेगळे कीटक सापडतील असा अंदाज होता. निघाले ते युरोप, आशिया, अगदी अमेरिकेतल्या कीटकांचे नातलग. याला खंबायत अंबर म्हणतात. ते साल वृक्षाच्या कुळातल्या झाडांच्या राळेचे आहे. देवघरातली राळ याच कुळातल्या सालाची, म्हणजे आबांना वास ओळखीचा वाटला ते बरोबरच होते.

यातले काही त्या घरापर्यंत पोचले नव्हते.

अडचण कशी उभी राहिली

दिवाळीच्या साफसफाईत डबा खाली आला. निखिल रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने उत्साहाने डबा हातात घेतला आणि एका दुपारी तीन गोष्टी केल्या. पुड्यांचे कागद सोडवून रद्दीत टाकले. खड्यांना चिकटलेला काळा कोळसा जुन्या सुरीने खरवडून, टूथब्रशने घासून काढला. आणि सगळे खडे एका टोपल्यात एकत्र केले. तळातले चाळीसेक बारीक खडे तेवढे कंटाळा आला म्हणून तसेच राहिले.

मग चाचण्या. मिठाच्या दाट पाण्यात खडे तरंगले. तापवलेली सुई टोचली तर प्लॅस्टिकचा उग्र दर्प न येता धुपाचा वास आला. इथवर आनंद. तिसरी चाचणी नेलपॉलिश रिमूव्हरची: कापसाने थेंब लावायचा, खरे अंबर कोरडे राहते, नकली चिकट होते. निखिलने लावला आणि खडा बोटाला चिकटला. दुसरा घेतला, तोही. पाच-सहा खडे झाले, सगळे चिकट. म्हणजे हे अंबर नव्हे, चंद्रूस. चंद्रूस हीसुद्धा झाडाची राळच, पण त्या मानाने कोवळी. व्हार्निशात वापरतात ती. मादागास्कर आणि कोलंबियातला चंद्रूस कीटकांसकट अंबर म्हणून सर्रास खपवला जातो, त्यामुळे निखिलचा संशय वेडगळ नव्हता.

त्यातच एका खड्यात त्याला चिलट दिसले. दोन मिलिमीटरचे असेल. ते स्पष्ट दिसावे म्हणून त्याने तो खडा रिमूव्हरच्या वाटीत दहा मिनिटे बुडवून ठेवला. बाहेर काढला तेव्हा वरचा थर डिंकासारखा झाला होता. कापसाने पुसायला गेला आणि कापसाबरोबर एक पंख निघून आला.

त्याने फोटो टाकल्यावर एका खरेदीदाराने सगळ्या मालाला चार हजार रुपये सांगितले. ‘चंद्रूस आहे, पण ठीक आहे, घेतो.’ आणि लगेच पुढचा प्रश्न: ‘किडेवाले किती आहेत?’ हा दुसरा प्रश्न निखिलला खटकला. चंद्रूस म्हणणारा माणूस किडे का मोजतो? त्याच्या सरांकडून माझा नंबर घेऊन त्याने फोन केला.

माझी चूक

मी मुळात झिओलाइट आणि त्यांच्यासोबत बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणारी खनिजे जमवणारा. दख्खनच्या बेसॉल्टमधले स्टिल्बाइट, अपोफिलाइट, वाघोलीचे निळे कॅव्हान्साइट हे माझे क्षेत्र. अंबराचे वीसेक तुकडे आहेत, बहुतेक बाल्टिक, म्हणजे युरोपातल्या बाल्टिक समुद्राकाठचे.

निखिल म्हणाला, “सर, बहुतेक चंद्रूसच आहे. रिमूव्हरला चिकट झालं.”

मी म्हणालो, “चिकट झालं ना? मग चंद्रूसच.”

फोन ठेवला. या प्रकरणातला सर्वांत वाईट निर्णय हा होता. सुरी किंवा रिमूव्हर हातात घेणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा नव्हे, तीस वर्षे दगड गोळा करणाऱ्या माणसाचा. कारण मी एक प्रश्न विचारला नाही: हे आले कुठून? खनिजांच्या बाबतीत हा प्रश्न मी झोपेतही विचारतो. वाघोलीचे म्हणून आलेले कॅव्हान्साइट कुठल्या खाणीतले, कुणी काढले, हे कळल्याशिवाय पैसे देत नाही.

दोन दिवसांनी आभार मानायला म्हणून त्याने निरोप पाठवला. शेवटी लिहिले होते, ‘आबांना वाईट वाटलं. कोळशाच्या खाणीतून एवढं जपून आणलं होतं.’ कोळशाची खाण. मी तिथल्या तिथे फोन लावला. पहिले वाक्य एवढेच: “बाटली बंद करून ठेव.”

चाचणीने काय सांगितले, काय नाही

रिमूव्हरची चाचणी खोटी नाही. ती बाल्टिक अंबरासाठी बरोबर आहे. बाल्टिक अंबरातल्या रेणूंच्या साखळ्या सक्सिनिक आम्लाने एकमेकींना टाचलेल्या असतात, त्यामुळे द्रावक त्यात सहज शिरत नाही. खंबायत अंबराची घडण वेगळी आहे, कॅडिनीन नावाच्या रेणूच्या साखळ्यांची, आणि ती विण सैल राहिलेली आहे. क्लोरोफॉर्म किंवा टोल्युइनमध्ये हे अंबर विरघळते. वस्तानच्या अभ्यासकांनी नेमका याचाच फायदा घेतला: राळ विरघळवून पाच कोटी वर्षांपूर्वीचे कीटक अख्खे बाहेर काढले. बाल्टिक अंबरात हे जमत नाही. म्हणजे जो गुण अभ्यासकांना वरदान वाटला, त्याच गुणावरून निखिलने आणि मी माल नकली ठरवला.

उलटेही घडते. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात बाल्टिक अंबरातली एक माशी होती. विली हेनिग या मोठ्या कीटकतज्ज्ञाने १९६६ मध्ये तिच्यावर लिहिले. आजही शौचालयांभोवती दिसणारी जात तेव्हाही जशीच्या तशी होती, म्हणून ती प्रसिद्ध झाली. १९९३ मध्ये अँड्र्यू रॉस ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असताना दिव्याच्या उष्णतेने माशीभोवती एक भेग दिसू लागली. कुणीतरी खऱ्या अंबराचे दोन भाग करून, आत पोकळी कोरून, हल्लीची माशी बसवून ते पुन्हा चिकटवले होते. त्या तुकड्याच्या अंबरावर कोणतीही चाचणी केली असती तरी ते उत्तीर्णच झाले असते.

समोरचे पर्याय

पुढच्या रविवारी मी नंदुरबारला गेलो. ओसरीवर आबा, निखिल, त्याची आई. मधे परात, परातीत खडे. घरात चार मते होती.

एक, चार हजारांना देऊन मोकळे व्हायचे. आईचे मत. घरात पसारा नको.

दोन, खडे घासून, चमकवून, किडे असलेले एकेक विकायचे. निखिलला हे पटत होते आणि पैसा खरोखर जास्त आला असता. पण खंबायत अंबर ठिसूळ असते. घासायच्या यंत्रावर धरले की उष्णतेने मऊ पडते, नाहीतर टवके उडतात. शिवाय एकदा विकले की कुठला खडा कुठे गेला याचा पत्ता लागत नाही.

तीन, अदलाबदल. तोच खरेदीदार आता म्हणत होता की किडेवाले द्या, मी दोन बर्मी अंबर देतो, एकात भुंगेरा आहे. बर्मी अंबर सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीचे, डायनासोरांच्या काळातले. कुणाही संग्राहकाला मोह होईल. ते म्यानमारच्या काचिन राज्यातल्या हुकाँग खोऱ्यातून येते. तिथे लष्कर आणि काचिन बंडखोर यांच्यात खाणींवरून लढाई होत आली आहे. पृष्ठवंशीय जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये पत्रिकांना पत्र लिहून २०१७ च्या मध्यानंतर बाजारात आलेल्या बर्मी अंबरावरचे संशोधन छापू नये अशी विनंती केली होती. खरेदीदाराला विचारले, तुमचे तुकडे कधीचे? “जुने आहेत,” एवढेच उत्तर आले. हा पर्याय तिथेच संपला.

चार, अभ्यासकांकडे द्यायचे. यावर आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “साहेब, खाण काय माझी नव्हती. कागद नाही, परवानगी नाही. आता म्हातारपणी चोरीचा आळ यायचा.”

या भीतीला थातूरमातूर उत्तर देऊन चालले नसते. खाण भाडेपट्ट्यावर असते आणि आतून काही न्यायचे तर पट्टेदाराची परवानगी लागते. आबांनी उचलले ते टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यातून, सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत, पण तोंडी संमतीवर. ‘काही होत नाही हो’ असे मी म्हणालो नाही. म्हणालो की जसे घडले तसे लिहून देऊ, काही लपवायचे नाही, आणि घ्यायचे की नाही, घेतले तर पट्टेदाराला कळवायचे कसे, ते त्यांना ठरवू द्या. विकत असतो तर प्रश्न फार वेगळा झाला असता. इथे पैशाचा संबंध नव्हता.

आबा म्हणाले, “मग लिहा.”

काय केले

आधी रद्दी. रद्दीवाला दोनच दिवसांपूर्वी येऊन गेला होता. पुड्यांचे सगळे कागद गेले. प्रत्येक कागदावर तारीख होती; आबांनी पुड्या जमेल तशा वेळोवेळी बांधल्या होत्या, म्हणजे कुठले खडे कोणत्या सुमाराला निघाले याची डायरी त्यांच्याही नकळत तयार झाली होती. ती गेली. डब्याच्या तळाला अंथरलेला एकच कागद चिकटून राहिला होता. आबांनी चष्मा लावून वाचला: फेब्रुवारी २००४. मागे ट्रॅक्टरची जाहिरात.

मग तळातले न खरवडलेले चाळीस खडे. त्यांना हात न लावता प्रत्येकाची वेगळी पिशवी केली. पुढे पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत धुतलेल्या खड्यातली चिमूटभर पूड इन्फ्रारेड वर्णपटासाठी दिली. उत्तर आले: साल-कुळातल्या राळेशी जुळते, बाल्टिकची खूण नाही. पण सालाची ताजी राळसुद्धा वर्णपटात बरीचशी अशीच दिसते. एवढ्यावरून वय छातीठोकपणे सांगता येत नाही. वय सांगणार होता तो कोळसा, जो खड्याला चिकटलेला होता. त्यातले परागकण पाहून थर ओळखता येतो. निखिलने कचरा म्हणून खरवडला तो या खड्यांचा जन्मदाखला होता. चाळीस खड्यांवर तो शिल्लक होता, कारण पोराला कंटाळा आला.

बाकीचे काम कंटाळवाणेच. भिंगाखाली एकेक खडा, पाठीमागून टॉर्च. खडा गढूळ असेल तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हाताने एक छोटी खिडकी घासायची, तीही गरज असली तरच. प्रत्येकाला क्रमांक, वजन, फोटो. एकूण सव्वादोन किलो भरले. पंधरा वर्षे पत्र्याखाली तापल्याने बऱ्याच खड्यांवर जाळीसारख्या भेगा पडल्या होत्या. तिथे आतले काही दिसणे अशक्य.

आबांचे निवेदन मी त्यांच्या शब्दांत लिहून घेतले. त्यात एक वाक्य आले जे मी मागितले नव्हते: “खालच्या पट्टीत गुंदर जास्त निघायचा, वरच्या पट्टीत नुसती माती.” मेकॅनिकला हे ठाऊक असते, कारण कुठल्या पट्टीत बकेटचे दात लवकर झिजतात ते त्यालाच बघावे लागते.

निष्पत्ती

सव्वादोन किलोत अकरा खड्यांत काही ना काही होते. वस्तानचा हिशेब किलोमागे चार-पाच पडतो, म्हणजे आमचा आकडा त्या पंक्तीत बसतो. अकरांपैकी ओळखू येण्याजोगे तीन: एक मुंगी, एक वाळवीचा पंख, एक चिलट. चौथे ते पंख गेलेले चिलट. ते पाठवायचे की नाही यावर निखिल अडला होता. मी म्हटले पाठव, आणि काय झाले तेही लिही. त्याने लिहिले.

एका संशोधन संस्थेने निवेदनासकट सगळे नोंदवून घेतले. पट्टेदाराशी पत्रव्यवहारही त्यांनीच केला. न धुतलेल्या चाळीस खड्यांबद्दल त्यांना सर्वांत जास्त उत्सुकता होती, जरी त्यातल्या एकातही किडा नव्हता. नवी जात वगैरे काही जाहीर झालेले नाही आणि होईलच असे मी घरच्यांना सांगितलेले नाही. कीटक नसलेले चार भेगाळलेले खडे आठवण म्हणून परत आले. ते आता देवघराशेजारच्या कपाटात, अंधारात, झाकणाच्या डबीत आहेत. निखिलच्या आईला पसारा कमी झाल्याचे समाधान.

पुन्हा असा डबा आला तर

पहिला तास काहीच करायचे नाही. आहे त्या स्थितीत फोटो काढायचे, कागद-दोऱ्यांसकट. ज्याने गोळा केले तो माणूस हयात असेल तर त्याच्याशेजारी बसायचे, त्याच्या आठवणी पुसट व्हायच्या आत. निखिलच्या बाबतीत हे सोपे होते, आबा शेजारच्या खोलीतच होते. त्याने त्यांना विचारले नाही कारण चाचणी अधिक शास्त्रीय वाटली.

रिमूव्हरचा थेंब लावायचाच असेल तर सगळ्यांत निकामी खड्याच्या कडेला, आणि ‘चिकट झाले’ याचा अर्थ ‘बाल्टिक नव्हे’ एवढाच घ्यायचा. किडा असलेल्या खड्याला द्रावक लावायचाच नाही. अल्कोहोलसुद्धा नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर फोनवर निदान देणे मी बंद केले आहे. फोटो पाठवा, जागा सांगा, मग बोलू.

निवेदन पूर्ण झाल्यावर संस्थेतल्या बाईंनी आबांशी फोनवर थोडे बोलून घेतले. थर कुठला, खोली किती, साल कोणते. शेवटी विचारले, “आजोबा, यातलं जाळलं किती असेल तिथे?”

आबा जरा ओशाळले. “सांगता नाही येणार, मॅडम. एका हंगामात घमेलंभर तरी. डास फार होते हो.”

निखिलने बहुधा मनातल्या मनात किलोमागे चार-पाचचा गुणाकार केला असावा. तो उठून आत पाणी आणायला गेला.